माळवदाची माती

मराठवाड्यातल्या खेड्याला दोन मात्या ठाऊक आहेत. शेताची काळी आणि गावठाणाची पांढरी. काळी पाणी प्याली की फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून ती पिकाला दिली आणि पांढरी माणसांनी डोक्यावर घेतली. धाराशिवकडचं जुनं घर म्हणजे मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती, लाकडी खांब, तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर लिंबाचा पाला आणि सगळ्यांत वर हात-दीड हात पांढरी माती. हे माळवद. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण दुपारचं ऊन एवढ्या थरातून खाली झिरपेपर्यंत दिवस मावळतो, आणि वरची माती उघड्या आभाळाखाली निवू लागते. छताच्या मधोमध साणं, म्हणजे उजेड-वाऱ्याचं भोक असतं. त्यातून उतरलेला उजेडाचा कवडसा सारवलेल्या भुईवरून दिवसभर सरकतो, आणि चुलीचा धूर, आमटीची वाफ, निजलेल्या माणसांचे श्वास त्याच वाटेनं बाहेर पडतात. ऊन अडवायचं आणि ओल जाऊ द्यायची, ही दोन्ही कामं एकाच छतानं करावीत, याला मी मोठी कारागिरी मानतो.

यावर पहिला आक्षेप फार जड आहे आणि तो टाळून पुढं जाता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी, सास्तूर परिसरात याच मातीखाली हजारो माणसं गाडली गेली. दोन फूट मातीचं वजन चौरस मीटरला टनभर भरतं. गळती लागली की जुनी माती न काढता वर नवी पसरायची, ही पिढ्यांची सवय; त्यामुळं भार वाढतच गेला. पण भिंती का फुटल्या हेही पाहिलं पाहिजे. आतला आणि बाहेरचा दगडी थर सांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. हादऱ्यासरशी दोन्ही थर विलग झाले. म्हणूनच उरलेल्या घरांच्या मजबुतीसाठी तज्ज्ञांनी जे उपाय सुचवले, त्यांत माळवदाची माती वीतभर ठेवून बाकीची उतरवणं आणि भिंतींत सांधणारे दगड बसवणं होतं. दोष थराच्या जाडीचा आणि भिंतीच्या बांधणीचा होता. भयानं मात्र मातीच हद्दपार केली.

तिच्या जागी आले पत्रे आणि स्लॅब. पत्रा ऊन पडताच तापतो आणि थंडीच्या पहाटे त्याला आतून घाम फुटतो. काँक्रीटमधून उष्णता मातीच्या जवळजवळ तिप्पट सहज वाहते. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापून रात्रभर ती खोलीत सोडत राहतो. साणं बुजलेलं, खिडक्या लावलेल्या, स्वयंपाकाची वाफ कोपऱ्यात साचलेली. मग छताच्या कडेला बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात. जुन्या दगड-मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, तळाशी लोणा फुलतो, आणि बोटानं टोकरलं तरी पोपडा हातात येतो.

दर मृगाआधी छतावर चढून गवत उपटायला, माती चोपायला, पन्हाळी मोकळी करायला आता माणसं कुठून आणायची, हाही आक्षेप खराच. म्हणून जुनं माळवद जसंच्या तसं परत आणा, असं माझं म्हणणं नाही. पंजाब-हरियाणाकडं स्लॅबवर आधी पाणी न झिरपणारा थर देतात, त्यावर चार इंच दाबलेली माती उताराला पसरतात आणि वर विटांच्या फरश्या सांधून बसवतात. माती भिजली की उष्णता अडवण्याचा तिचा गुण जातो, म्हणून सांधे बुजलेले आणि उतार नीट हवा. बाकी दरसालची चोपाचोपी राहत नाही. स्वयंपाकघरात छताजवळ एक झरोका ठेवला की साण्याचंही काम होतं. तेव्हा धाराशिव जिल्ह्यात नवं घर काढणाऱ्यांना एवढीच विनंती: स्लॅब टाकण्याआधी अभियंत्याला सांगा, वर चार इंच माती आणि फरशी येणार आहे, त्यांचं वजन धरूनच लोखंड ठरवा.