तोफ विजापूरची, गाव परंड्याचं!

विजापूरच्या ट्रिपला गेलेल्या प्रत्येकाकडे मुलूखमैदान तोफेसोबतचा एक फोटो असतोच. पण ती मूळची तिथली नाही, हे किती जणांना माहितीये? १५४९ मध्ये ती अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ पर्यंत होती आमच्या परंड्याच्या किल्ल्यात! धातू कांस्य, वजन सुमारे ५५ टन. मेकॅनिकलवाल्यांनो, क्रेन नसताना ती विजापूरला कशी नेली असेल, करा जरा कॅल्क्युलेशन! १८५४ मध्ये तिचा लिलाव निघाला, तेव्हा बोली आली फक्त १५० रुपयांची. नशीब, विक्री रद्द झाली.

आणखी ऐका. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवलं आणि परंडा चक्क निजामशाहीची राजधानी झालं. समर्थ सांगत गेले आणि ज्यांनी दासबोध लिहून घेतला, त्या कल्याणस्वामींची समाधी आमच्याच तालुक्यातल्या डोमगावला आहे.

तोफ विजापूरची झाली, ग्रंथ समर्थांचा. परंड्याचं नाव मागेच राहिलं. उद्या नोकरीसाठी आम्हीही पुण्या-मुंबईचे होऊ. पण गाव विचारलं तर ‘बार्शीजवळ’ म्हणून विषय संपवायचा नाही. सरळ सांगायचं, परंडा!