देवनारची राजधानी लिस्बन होती, तेव्हा

देवनार म्हटले की लोकांना कचराभूमी आठवते, कत्तलखाना आठवतो. लिस्बन कोणाला आठवत नाही. परंतु २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्या हाताखालची बेटे पोर्तुगीजांना दिली. त्याबरोबर तुर्भे बेटावरचे हे लहानसे खेडेही एका युरोपीय राजधानीच्या अमलाखाली गेले. हा अंमल १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकला. (काटेकोर वाचकांसाठी : १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते. पण साष्टीच्या शेतकऱ्याला त्याने काय फरक पडला असेल!)

आज मराठी घरांतली मुले युरोपात शिकायला जातात आणि सुट्टीत लिस्बनची चर्च पाहून येतात. कार्मोचे चर्च बहुतेकांच्या यादीत असतेच. १३८९ साली त्याची स्थापना झाली. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला आणि कार्मोचे छत कोसळले. ते पुन्हा कधी पूर्ण झाले नाही. आज त्या उघड्या कमानींतून आकाश दिसते आणि १८६४ पासून तेथे वस्तुसंग्रहालय आहे. जवळच सांतो दोमिंगोचे चर्च आहे. १९५९ च्या आगीत भाजलेले त्याचे खांब मुद्दाम तसेच ठेवले आहेत. १५०६ साली ज्यूंच्या वंशजांची जी कत्तल झाली तिची सुरुवात याच चर्चपासून झाली, आणि तिचे स्मारक बाहेरच्या चौकात उभे आहे. वैभव आणि पाप एकाच चौकात मांडून ठेवण्याचे हे धैर्य वाखाणण्यासारखे आहे.

असेच छत नसलेले एक चर्च अंधेरीत आहे. बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या नावाचे हे चर्च येशूसंघीय पाद्र्यांनी १५७९ मध्ये बांधले. १८४० साली साथीचा रोग आला आणि वस्तीने गाव सोडले. लोक गेले ते नुसते गेले नाहीत. खांब, वेद्या, मूर्ती, बाप्तिस्म्याचे दगडी कुंड असे जे हलवता आले ते त्यांनी मरोळच्या नव्या चर्चमध्ये नेले. मागे राहिलेल्या भिंतींवर रान माजले. पुढे १९७३ मध्ये या परिसरात सीप्झ ही निर्यात वसाहत उभी राहिली आणि ते अवशेष तिच्या कुंपणाआड गेले. आता भोवती दागिन्यांचे आणि संगणकाचे कारखाने आहेत आणि फाटकावर पहारा आहे. वर्षातून एकदा तेथे मिस्सा होतो, एरवी आत जायला परवाना लागतो. कार्मोचे तिकीट काढता येते. याचे मिळत नाही.

बोरिवलीच्या मंडपेश्वरात गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तेथली मूळ शैव लेणी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी त्याच लेण्यात चर्च केले. मराठ्यांच्या विजयानंतर ती पुन्हा देवळाकडे आली. एका भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो, पलीकडच्या दालनात नटराज आहे, आणि डोंगरावर जुन्या मठाचे भग्न बांधकाम उभे आहे. लेण्याचे चर्च झाले हा अन्याय होता, हे स्पष्टच म्हणावे लागेल. पण तेवढे म्हणून निघून जाणारा पाहुणा तो क्रूस नीट पाहतच नाही.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चच्या घंटा घाटावर आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकराला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेल्या मारियेची आकृती आहे. या घंटांची कथा आपल्याकडे विजयाची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. मात्र घंटा गेली तरी तिच्या नादावर उठणारी, जेवणारी, मेलेल्यांना निरोप देणारी माणसे साष्टीतच राहिली होती. त्यांच्याबद्दल ती कथा अवाक्षर काढत नाही.

ही माणसे म्हणजे ईस्ट इंडियन समाज. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी हे इंग्रजी नाव घेतले. कामाच्या शोधात गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, याच मातीतले, हे सरकारदरबारी ठसवायचे होते. नाव इंग्रजी, आडनावे पोर्तुगीज, घरातली बोली मराठी. लग्नात उंबराचं पाणी आणण्याचा विधी त्यांच्याकडे आजही होतो. देवनारच्या गावठाणातही त्यांची घरे आहेत. त्यांना ‘पोर्तुगीज’ म्हणून मोकळे होणारा इतिहासप्रेमी बहुधा लिस्बनचा नकाशा तोंडपाठ सांगतो.

देवनारहून मरोळला जायचे तर गोवंडीला हार्बरची गाडी धरावी, कुर्ल्याला बदलून घाटकोपरला उतरावे आणि तेथून मेट्रोने मरोळ नाका गाठावे. सीप्झचे फाटक उघडले नाही तरी मरोळच्या चर्चचे दार उघडे असते. मंडपेश्वराला तर आता त्याच नावाचे मेट्रो स्थानक आहे.