गुलाबी थंडीतलं कडक ऊन

गुलाबी थंडी पडली, की मुंबई-पुण्यातली निम्मी ऑफिसं शनिवार-रविवारी सह्याद्रीत सापडतात. शुक्रवारी संध्याकाळी डेस्कखाली सॅक्स दिसायला लागतात. त्यात काय काय असतं? स्वेटर, माकडटोपी, हातमोजे, थर्मास, चकलीचा डबा. नसते ती फक्त सनस्क्रीनची ट्यूब. ती मे महिन्यापासून बाथरूमच्या कपाटात मागच्या रांगेत पडलेली असते. "आता कशाला? उन्हाळा गेला ना!"

गेल्या डिसेंबरमध्ये आमचा आठ जणांचा ग्रुप कळसूबाईला गेला, तेव्हाही हाच सीन होता. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. अकोले तालुका, आता अहिल्यानगर जिल्हा. मुंबईकरांसाठी सोपा रस्ता म्हणजे कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे जीपने घोटीमार्गे बारी गाव. पुणेकर आपली गाडी काढतात. बारीत पोहे-चहा झाला, की चालायला सुरुवात.

सकाळी साडेसातला बारीत हुडहुडी भरली होती. शेतावर धुकं, तोंडातून वाफ. पण गाव मागे पडलं आणि खरी चढण सुरू झाली, तशी एकेकाची जॅकेट्स कमरेला आली. मग फुल शर्टाच्या बाह्या वर गेल्या. आमच्यातली एक पुण्याची. एप्रिलमध्ये ही मुलगी स्कूटीवर दिसते तेव्हा स्कार्फ, सनकोट आणि हातमोज्यांतून फक्त डोळे दिसतात. तीच इथे स्लीव्हलेस टी-शर्टवर, उघड्या मानेने निघाली होती. कारण एकच, गरम होत नव्हतं!

गार वाऱ्याची फसवणूक

इथेच सगळी गोची आहे. आपल्याला जाणवते ती उष्णता. त्वचा भाजते, काळवंडते ती अतिनील किरणांमुळे, आणि ती अजिबात जाणवत नाहीत. थर्मामीटर १५ दाखवो की ३५, त्यांना काही फरक पडत नाही. वर डोंगरावरचा वारा घाम लगेच वाळवतो. त्यामुळे 'आता सावलीत बसूया' असं वाटतच नाही. मे महिन्यात आपण दहा मिनिटांत झाड शोधतो. डिसेंबरमध्ये तेच आपण चार-पाच तास उघड्यावर मजेत काढतो.

आणि कळसूबाईवर झाड शोधायचं तरी कुठे? वरचा बराच भाग उघडा, वाळलेल्या पिवळ्या गवताचा. सकाळी चढताना ऊन पाठीवर असतं, म्हणजे मान आणि कानांच्या पाळ्या थेट त्याच्या तावडीत. लोखंडी शिड्यांपाशी गर्दी झाली, की तिथेच उन्हात रांग लावून उभं राहायचं.

वाटेत एका ताडपत्रीच्या टपरीवर लिंबू सरबत प्यायलो. टपरीवाल्या मावशींनी डोक्यावरून पदर घट्ट घेतलेला. त्यांनी आमच्या पुणेकरणीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, वारं गार हाय, ऊन न्हाय. डोकं झाक." कुठल्याही स्किन क्लिनिकच्या फीपेक्षा स्वस्तात मिळालेला हा सल्ला!

सावली मोजा, बॉस!

माथ्यावर पोचलो तेव्हा साडेबारा होत आले होते. देवीचं छोटंसं देऊळ, समोर अलंग-मदन-कुलंगची रांग, खाली भंडारदऱ्याचं चमचमतं पाणी. फोटोसेशन सुरू असताना मी सगळ्यांना आपापली सावली बघायला लावली. डिसेंबरच्या भर दुपारी तिथे सावली आपल्या उंचीएवढी, खरं तर किंचित कमीच पडते. आणि साधा नियम असा आहे, की सावली आपल्यापेक्षा आखूड झाली, की अतिनील किरणं जोरात आहेत असं समजायचं.

आता हेच लंडनचं बघा. डिसेंबरात तिथे भर दुपारची सावली माणसाच्या जवळजवळ पावणेचारपट लांब असते. म्हणून तिथल्या लोकांना हिवाळ्यात सनस्क्रीन फारसं आठवलं नाही तरी चालून जातं. आपलं तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते यूव्ही इंडेक्स ३ झाला, की त्वचा जपायला हवी. आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारीही तो त्याच्या बराच वर असतो. त्यात उंचीची भर. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, म्हणजे कळसूबाईवर मुंबईपेक्षा अंदाजे १५ टक्के जास्त. आणि मनाली-गुलमर्गचा प्लॅन असेल तर आणखी सावध. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरणं परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही लागतं!

प्रश्न गोरेपणाचा नाही

"काळी होऊन येशील, लग्न ठरायचंय" हा डायलॉग ट्रेकला निघताना कितीजणींनी ऐकलाय? मला तो डोक्यात जातो. रंग कुठलाही असो, तो छानच. २०२० मध्ये एका गाजलेल्या क्रीमने नावातलं 'फेअर' काढून टाकलं, आपणही डोक्यातून काढूया. मुद्दा त्वचेच्या तब्येतीचा आहे. सावळ्या त्वचेला मेलॅनिनचं थोडं संरक्षण असतं, पण पूर्ण नाही. आपल्याकडे गालांवर, कपाळावर येणारे वांगाचे डाग उन्हाने वाढतात आणि जाता जात नाहीत. सुरकुत्याही लवकर येतात. आणि हे मुलांनाही लागू आहे, बरं का! आमच्या ग्रुपमध्ये सोमवारी नाकाचं साल निघालेले दोघेही मुलगेच होते.

त्यातला एक चेहऱ्यावर लिंबू चोळायला निघाला होता. नको रे बाबा! लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा आणखी भाजते आणि काळे चट्टे पडतात. गार पाण्याच्या पट्ट्या, साधं मॉइश्चरायझर आणि दोन-चार दिवस उन्हापासून सुट्टी. फोड आले तर सरळ डॉक्टर.

थोडक्यात, उन्हाशी भांडण नको. थंडीत सकाळी सात-आठला अंगणात कोवळं ऊन खात चहा पिण्यासारखं सुख नाही. तेव्हा आपली सावलीही चांगली लांबलचक असते. फक्त ती आखडायला लागली, की टोपी चढवा!

सॅकमध्ये हे हवंच

• एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि 'पीए+++' लिहिलेलं सनस्क्रीन. नुसतं कोल्ड क्रीम ऊन अडवत नाही. आधी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन.

• चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं घ्या. निघायच्या १५-२० मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा. कान आणि मान विसरू नका.

• चहूबाजूंनी काठ असलेली टोपी. माकडटोपी पहाटेपुरती.

• पातळ फुल बाह्यांचा शर्ट. जॅकेट काढलं तरी तो अंगावर राहतो.

• यूव्ही अडवणारा गॉगल. डोळ्यांनाही ऊन लागतं.

• ओठांसाठी एसपीएफवाला लिप बाम.

• जीपमध्ये खिडकीची सीट मिळाली तरी सनस्क्रीन लावा. त्वचा काळवंडणारी यूव्हीए किरणं काचेतून बऱ्यापैकी आत येतात.