मेलेल्यांचा चुना

रात्रीचे साडेअकरा. पाइपचा सांधा आज पुन्हा पाझरला. चूक माझीच, सॉल्व्हंट पुरतं वाळायच्या आत पंप लावला. न्यू जर्सीच्या या तळघरात खारं पाणी पुसत होतो, तर वरून बायको म्हणाली, "तयार रिॲक्टर आणला असतास तर एव्हाना झोपला असतास!"

खरंय. पण कॅल्शियम रिॲक्टर म्हणजे असतं तरी काय? पीव्हीसीचा जाड पाइप, त्यात मृत प्रवाळांचा चुरा, फिरतं पाणी आणि मोजून सोडलेले कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. आतला सामू साडेसहापर्यंत उतरला की चुरा विरघळू लागतो. ते कॅल्शियम नळीतून थेंब थेंब प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पडतं, त्यावर जिवंत प्रवाळ आपला सांगाडा बांधतात. आजीच्या पानाच्या डब्यातला शिंपल्यांचा चुना आठवला. कूळ एकच!

भीती फक्त गॅसची. जास्त सुटला तर टाकीचाच सामू घसरायचा.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. माझ्या टाकीत आज ३६० भरलं. तरी सांधा पुरता वाळावा म्हणून उद्या रात्रीपर्यंत पंपाला हात लावायचा नाही.