तुमच्या पक्षाचा पडेल अल्बम कुठला?

मंडळी, या भिंतीवर गेले कित्येक महिने निवडणुका, खड्डे आणि पाणीपट्टी हेच चाललंय. मागच्या पोस्टवर एकाने वैतागून विचारलं, "तुम्ही गाणीबिणी ऐकता की नाही?" ऐकतो ना. वीस-बावीस वर्षं प्रोग्रेसिव्ह रॉक आणि मेटल ऐकतोय. तेव्हा आज माझे पाच आवडते अल्बम. पण आधीच सांगतो, गाडी शेवटी राजकारणावरच येणार आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉकचीच गिटार, तेच ड्रम्स, पण रचना लांबच्या लांब. एक गाणं दहा-वीस मिनिटांचं. मधेच सात मात्रांतून पाचात उडी. बऱ्याचदा अख्खा अल्बम मिळून एकच गोष्ट सांगतात. त्यात मेटलचा जोर आणि वेग घातला की प्रोग्रेसिव्ह मेटल. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या माणसाने लांबीला घाबरायचं काही कारण नाही.

१) 'ॲनिमल्स', पिंक फ्लॉइड, १९७७. ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'चा धागा धरून माणसांच्या तीन जाती केल्यात. एकमेकांचे गळे धरून वर चढणारे कुत्रे, वर बसून नीतीचे धडे देणारी डुकरं आणि मान खाली घालून चरणाऱ्या मेंढ्या. फरक एवढाच की ऑर्वेलचा रोख स्टॅलिनच्या रशियावर होता, यांचा रोख त्यांच्याच भांडवलशाही इंग्लंडवर. शेवटी मेंढ्या उठाव करतात, कुत्र्यांना संपवतात, आणि लगेच नवा हुकूम सुटतो. सत्तापालट झाला म्हणजे सगळं झालं असं मानणाऱ्यांनी हे सतरा, अकरा आणि दहा मिनिटांचे तीन तुकडे सलग ऐकावेत. मुखपृष्ठासाठी लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर हवेचं भलंमोठं डुक्कर बांधलं होतं, ते ३ डिसेंबर १९७६ ला दोर तुटून उडालं आणि केंटमधल्या एका शेतात जाऊन पडलं. डुकरं सुटली की सापडतात, पण उशिरा!

२) 'द वॉल', पुन्हा फ्लॉइड, १९७९. याचं मूळ ६ जुलै १९७७ च्या माँट्रियलच्या कार्यक्रमात आहे. प्रचंड स्टेडियम, पुढे दंगा करणारी गर्दी, आणि वैतागलेला रॉजर वॉटर्स एका चाहत्यावर थुंकला. नंतर त्याला स्वतःचीच किळस आली. कलाकार आणि प्रेक्षक यांच्यात भिंत उभी राहिलीय, ही कल्पना तिथून आली. पुढे कार्यक्रमात खरोखरच स्टेजवर पुठ्ठ्याच्या विटांची भिंत बांधायचे. अल्बमच्या शेवटाकडे त्यातला नायक, पिंक नावाचा रॉकस्टार, भ्रमात हुकूमशहा होतो. मैफलीची सभा होते. गर्दी मात्र तीच असते आणि तितक्याच जोरात ओरडत असते. मला या अल्बममधली सगळ्यात भीतीदायक गोष्ट हीच वाटते. शाळेवरचं गाणं सगळ्यांना पाठ असतं. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध उठलेल्या विद्यार्थ्यांनी ते उचललं आणि १९८० मध्ये तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली.

३) '२११२', रश, १९७६. कॅनडाचे तिघेजण. आधीचा अल्बम पडला होता, कंपनी छोटी, खपणारी गाणी मागत होती. यांनी अख्खी एक बाजू भरेल अशी वीस मिनिटांची रचना दिली. भविष्यात पुरोहितांचं राज्य आहे, काय वाचायचं, काय ऐकायचं ते ठरवतात. एका तरुणाला जुनी गिटार सापडते, तो हरखून ती पुरोहितांकडे नेतो आणि ते ती मोडून टाकतात. गीतकार नील पर्ट तेव्हा आयन रँडच्या प्रभावाखाली होता, अल्बमवर तिचे आभारही आहेत. त्यावरून इंग्लंडच्या एका संगीत साप्ताहिकाने त्यांना फॅसिस्टांच्या ओळीत बसवलं. आणि गायक गेडी लीचे आईवडील तर नाझी छळछावण्यांतून वाचलेले! पुढे पर्टनेही रँडपासून अंतर घेतलं. मला रँडबाईंचं तत्त्वज्ञान अजिबात पटत नाही. अल्बम मात्र जिवापाड आवडतो. दोन्ही एकाच वेळी जमतं, राव.

४) 'ऑपरेशन: माइंडक्राइम', क्वीन्सराइक, १९८८. निक्की नावाचा व्यसनी पोरगा भ्रष्ट राजकारणावर चिडलेला आहे. त्याची चीड खरी आहे. डॉक्टर एक्स नावाचा माणूस ती हेरतो, त्याला क्रांतीचं स्वप्न आणि नशा दोन्ही पुरवतो आणि फोनवरच्या एका शब्दावर खून करणारं यंत्र बनवतो. आपला राग खरा आहे म्हणून तो वापरणाराही खरा असतो असं नाही, हे मी एवढं स्वच्छ दुसरीकडे कुठे ऐकलं नाही.

५) 'ब्लॅकवॉटर पार्क', ओपेथ, २००१. स्वीडनचा बँड. मिकाएल ओकरफेल्ट एका क्षणी गुहेतून आल्यासारखा गुरगुरतो आणि पुढच्या क्षणी अंगाई म्हणावी तसा गातो. यात राजकारण नाही. हा यादीत आलाय तो चाहत्यांमुळे. २०११ च्या 'हेरिटेज'मध्ये ओकरफेल्टने गुरगुरणं सोडलं. चाहत्यांनी काय बोंब मारली होती! तरी ऐकत राहिले, तिकिटं काढत राहिले, आणि नवं आवडलं नाही हेही सांगत राहिले. २०२४ च्या अल्बममध्ये तो आवाज परत आला.

आता मुद्द्यावर येतो. कॉलेजच्या दिवसांत आम्ही तिघं एका खोलीत हे अल्बम ऐकायचो. त्यातले दोघं गेली तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण पक्ष. एक इकडचा, एक तिकडचा. एकाच्या वडिलांच्या तेराव्याला दुसरा आला नाही. 'द वॉल'मधल्या गर्दीवर रात्र रात्र बोलणारी ही माणसं. आज एकाला त्याच्या नेत्याची एक चूक विचारा, तो समोरच्या नेत्याच्या दहा सांगतो. दुसऱ्याचंही तेच.

चाहत्याचं तसं नसतं. ड्रीम थिएटरचा १९९९ चा 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' माझ्यासाठी देव्हाऱ्यात ठेवावा असा आहे, पण त्यांचा २०१६ चा 'द ॲस्टॉनिशिंग' हा दोन तासांच्या वरचा प्रकार मला एका बैठकीत आजवर संपवता आलेला नाही. हे मी त्यांच्या कुठल्याही चाहत्यासमोर सांगू शकतो. तो वाद घालेल, चहा पाजेल, पण मला गद्दार म्हणणार नाही. उलट आपल्या बँडचं कुठे चुकलं हे चाहत्यालाच जास्त कळतं, कारण त्यानेच सगळं मन लावून ऐकलेलं असतं.

पक्षावर, नेत्यावर प्रेम करायला माझी हरकत नाही. कार्यकर्त्यांशिवाय लोकशाही चालत नाही. पण प्रेम चाहत्याचं हवं, भक्ताचं नको. आणि हे मी एकाच रंगाच्या झेंड्याबद्दल बोलत नाहीये, सगळ्यांबद्दल बोलतोय. स्वतःला सुधारक म्हणवणाऱ्यांकडेही भक्त कमी नाहीत.

तेव्हा कमेंटमध्ये दोन गोष्टी लिहा. एक, तुमचा आवडता अल्बम, कुठल्याही संगीताचा चालेल. दोन, तुम्ही ज्याला मत देता त्या पक्षाचा सगळ्यात पडेल अल्बम कुठला? समोरच्या पक्षाचा नाही हं, स्वतःच्या. एक तरी आठवला तर तुम्ही चाहते. आठवतच नसेल तर आज रात्री हेडफोन लावून 'ॲनिमल्स' ऐका, आणि त्या तीन जातींत आपण कुठे बसतो ते बघा.