एकच गाडी, दोन इंजिनं आणि आमच्या वाडीचा रस्ता

हे माझं शेवटचं पोस्टिंग. जून २०२३, बेंगळुरू. पेन्शनला अकरा महिने उरलेत आणि आमच्या क्वार्टरमध्ये रोज संध्याकाळी एकच विषय चालतो, गाडी कुठली घ्यायची. सव्वीस वर्षं ईएमईमध्ये व्हेईकल मेकॅनिक म्हणून काढली, त्यामुळे शेजारपाजारचे लोकही मलाच विचारायला येतात. दुसऱ्याला सल्ला देणं सोपं असतं. स्वतःच्या कम्युटेशनच्या पैशाला हात घालायची वेळ आली, की माणूस माहितीपत्रक पोथीसारखं वाचायला लागतो.

नजर बसली आहे टोयोटाच्या हायरायडरवर. ती बिडदीला बनते, म्हैसूर रस्त्याने इथून पस्तीसेक किलोमीटरवर. मारुतीची ग्रँड विटारा तिची जुळी बहीण, तीही तिथेच तयार होते, म्हणून पुढचं बरंचसं गणित तिलाही लागू. बिडदीला आम्ही एका रविवारी तट्टे इडली खायला गेलो होतो, तेव्हा कारखान्यावरून गेलो. कंपनीच्या नावात किर्लोस्कर आहे. आमच्या विहिरीवर आजोबांनी बसवलेलं डिझेल इंजिनही किर्लोस्करचंच होतं, त्यामुळे परमुलखात गाववाला भेटल्यासारखं वाटलं. अर्थात नावावर भुलून गाडी घेऊ नये हे मीच लोकांना सांगतो. कँटीनच्या मर्यादेत ही बसत नाही, म्हणजे पूर्ण किंमत मोजायची. म्हणून विचार जास्त.

गाडी एक, पण इंजिनं दोन. दोन्ही दीड लिटरची, आणि सारखेपणा तिथेच संपतो.

पहिलं सुझुकीचं, चार सिलिंडर, १४६२ सीसी, १०३ पीएस ताकद, १३७ च्या आसपास न्यूटन-मीटर टॉर्क. याला माइल्ड हायब्रिड म्हणतात. म्हणजे अल्टरनेटरच्या जागी जरा मोठा जनरेटर, जो सिग्नलला बंद पडलेलं इंजिन हळूच चालू करतो आणि वेग घेताना थोडा हातभार लावतो. तो एकटा गाडी ओढू शकत नाही. याच इंजिनात फोर व्हील ड्राइव्ह मिळतो, पण या घडीला फक्त पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये. कागदावर ॲव्हरेज एकोणिसाच्या थोडं वर.

दुसरं टोयोटाचं. तीन सिलिंडर, १४९० सीसी, एकट्याची ताकद ९२ पीएस. जोडीला ८० पीएसची मोटर. दोघांची बेरीज १७२ होत नाही, ११६ च होते, कारण बॅटरी तेवढी वीज एका वेळी देऊ शकत नाही. हे शोरूममधल्या मुलाला विचारलं तर तो पाणी आणायला गेला. क्लच नाही, पट्टा नाही, ठरावीक गिअरसुद्धा नाहीत. एका प्लॅनेटरी गिअरसेटमधून इंजिन आणि मोटर आपसात वाटणी करतात. फोर व्हील मात्र यात नाही, आणि बॅटरीने मागच्या डिकीची बरीच जागा खाल्ली आहे. ॲव्हरेज कागदावर २७.९७.

सिल्क बोर्डच्या चौकात संध्याकाळी सातला उभं राहिलात, तर दुसरं इंजिन कुणासाठी बनवलं ते कळतं. पन्नास फूट सरकायचं, थांबायचं, परत पन्नास फूट. तिथे इंजिन झोपून राहतं आणि मोटर गाडी ढकलते. पण मला बेंगळुरूत राहायचंच नाही. मला सातशेहून जास्त किलोमीटर वर, साताऱ्याला जायचंय, आणि तिथून यवतेश्वरचा घाट चढून आमच्या बाजूला.

म्हणून मी वही काढली. हायब्रिडची बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासांची. घरच्या मीटरच्या भाषेत पाऊण युनिट वीज. माणसांसकट गाडी दीड टनाची धरली आणि घाटाचा चढ चारशे मीटर धरला, तर नुसतं वजन वर न्यायला दीड युनिटाहून जास्त लागतं. म्हणजे सगळी बॅटरी वापरली तरी निम्मा घाट, आणि सगळी ती कधीच वापरू देत नाही. वरचा चढ त्या तीन सिलिंडरनेच ओढायचा. उतरताना उलट: अर्ध्या वाटेत बॅटरी भरते आणि पुढे इंजिनाचा ब्रेकच कामाला येतो. त्यासाठी गिअरच्या दांड्यावर 'बी' दिलाय, तो वापरा. घाटात ब्रेक तापवून आलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात.

माझं मन खरं तर पहिल्या इंजिनाकडे. कारण जिप्सी. लेहला आमच्याकडे १२९८ सीसीच्या जिप्सी होत्या, ८० च्या आसपास ताकदीच्या. साडेतीन हजार मीटरवर हवा मैदानाच्या दोनतृतीयांशच उरते, म्हणजे इंजिनही ऐंशीचं पन्नास-पंचावन्नवर येतं. तरी ती चढायची, कारण लो गिअर होता आणि चारही चाकं धरायची. हायरायडरच्या फोर व्हीलला लो गिअर नाही, जिप्सीची सर तिला नाही. पण लॉक मोड आहे, आणि आमच्या वाडीच्या शेवटच्या लाल चिखलाला तेवढं पुरेल, असा माझा हिशोब.

वही घेऊन मी आमच्या सौ.ना सगळं समजावलं. त्या भाजी निवडत ऐकत होत्या. मी नसताना त्या जुन्या ऑल्टोवर गाडी शिकल्या, आणि आबांना रात्री अडीच वाजता घाटाखाली हॉस्पिटलात त्यांनीच नेलं होतं. मी तेव्हा सियाचीन बेस कॅम्पला. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

"अहो, पावसात तुम्ही कधी होता घरी?"

मी रजा आठवायला लागलो. मे. दिवाळी. एकदा गणपतीत, पण ते उघाडीचे आठ दिवस. आषाढात? लग्नानंतर एकदाही नाही.

"पावसात तिथं गाडी कुणीच नेत नाही. ओढ्याच्या फरशीवरून पाणी जातं. गाडी देवळापाशी लावायची आणि चालत यायचं. तुमची चार चाकं फिरली काय, दोन फिरली काय."

फरशीवरून वाहत्या पाण्यात लॉक मोड काही करत नाही, गाडी जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच असली तरी. हे मी शंभर ड्रायव्हरना शिकवलंय. आणि स्वतःच्या ओढ्याचं पाणी मी पाहिलंच नव्हतं.

"मग तुला काय हवंय?"

"आबांना घेऊन चढावर थांबायला लागलं, तर परत निघताना क्लच नको. त्या रात्री दोनदा गाडी मागं गेली होती."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

गेल्या शनिवारी शोरूमची हायब्रिड घेऊन त्या बाहेर पडल्या. मी डावीकडे, बेल्ट लावून. गाडी आवाजाशिवाय हलली तेव्हा त्यांनी विचारलं, चालू झाली का? फ्लायओव्हरच्या चढावर मुद्दाम थांबायला सांगितलं. थांबल्या. ब्रेकवरचा पाय काढला, गाडी पुढेच निघाली. डाव्या पायाने मी मात्र चटईवर क्लच दाबत होतो, चढ संपेपर्यंत.