हात मागे बांधून

आमच्या घराण्यात मास्तरकी वडिलोपार्जित. आजोबा मराठी शाळेत, वडील हायस्कुलात, आणि मी त्याच वाटेने चालत आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून हजेरीपत्रकांवर सह्या करतो. धाकटी बहीण तेवढी या परंपरेतून निसटली. बारावीनंतर तिने नर्सिंगला जायचे ठरवले तेव्हा आईने दोन दिवस अबोला धरला होता. रात्रपाळी, परक्यांची सेवा, लोक काय म्हणतील, हे सारे ओघाने आलेच. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढून पांढरपेशा घरांतल्या मुलींना आणि विधवांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले, त्याला तेव्हा ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती. पण बेळगावच्या आमच्या गल्लीपर्यंत ती बातमी पुरती पोचलेली नव्हती.

ती शिकली, तिची नोंदणी झाली, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षे ती वॉर्डात उभी राहिली. मग एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "अण्णा, मी पोस्ट बेसिक करायला चाललेय. शिकवायचं म्हणतेय." म्हणजे घराण्याचा धंदा फिरून मागच्या दाराने आत आलाच!

वाचकांपैकी बहुतेकांना हा पोस्ट बेसिक प्रकार ठाऊक नसेल. जनरल नर्सिंगची पदविका घेतलेल्या, नोंदणी झालेल्या परिचारिकेसाठी असलेला हा दोन वर्षांचा बी.एस्सी. अभ्यासक्रम. नर्सिंग शाळेत शिकवायचे तर एक वाट इथून जाते, पुढे एम.एस्सी. करणाऱ्याही पुष्कळ. या दोन वर्षांत समाजशास्त्र आहे, सार्वजनिक आरोग्य आहे, मनोविकारांची शुश्रूषा आहे, संशोधन आहे. आणि 'परिचर्या शिक्षणाची ओळख' नावाचा एक विषय आहे. त्याला भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात तास होते, तात्त्विक ६० आणि प्रात्यक्षिक ७५. बी.एड. माझ्या वेळी एका वर्षाचे होते, २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. तरी नवा शिक्षक वर्गात गेला की पहिले सहा महिने त्याचा खडूही थरथरतो हे मी दर जूनमध्ये पाहतो. इथे १३५ तासांत एका परिचारिकेची बाई करायची होती.

तिचे पहिले पाठ टाचण तिने माझ्यापुढे ठेवले. विषय होता शिरेत सुई घालून सलाईन लावणे. या कामात तिचा हात असा, की शीर सापडत नसली की दुसऱ्या वॉर्डातून तिला बोलावणे यायचे. टाचण मात्र सात ओळींत आटोपले होते. उद्दिष्टांच्या रकान्यात लिहिले होते, "विद्यार्थिनीला प्रक्रिया समजेल." मी आमच्या बी.एड.च्या सरांचा जुना प्रश्न विचारला. समजले हे तुला दिसणार कसे? समजणे डोळ्यांना दिसत नाही. सांगेल, ओळखेल, फरक दाखवेल, करून दाखवेल, अशी क्रियापदे घाल. ती हसली. "तुम्ही मास्तर लोक ना!" म्हणाली, पण खोडून पुन्हा लिहायला बसली.

मग मी विचारले, शीर कुठे आहे हे तुला कसे कळते? उत्तर आले, "कळतं."

आमच्या शाळेत पूर्वी एक गणिताचे सर होते. फळ्यावर दोन पायऱ्या मांडत आणि तिसरीला "हे उघडच आहे" म्हणून उत्तराशी जाऊन पोचत. त्यांना ते खरोखरच उघड होते, पोरांना नव्हते. तज्ज्ञ माणसाची गंमत अशी, की पायऱ्या चढून वर गेल्यावर तो जिना विसरतो. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-प्राध्यापिकेने १९८४ साली 'नवख्यापासून तज्ज्ञापर्यंत' अशा अर्थाच्या नावाच्या पुस्तकात परिचारिकेच्या वाटचालीचे पाच टप्पे मांडले. पाचव्या टप्प्यावरची परिचारिका नियम आठवून काम करत नाही, तिला परिस्थिती एकदम समोर दिसते. रुग्णाच्या दृष्टीने हे वरदानच. शिकवायला उभे राहिल्यावर मात्र तेच आडवे येते. तिला पाचव्या टप्प्यावरून उतरून पहिल्या टप्प्यावरच्या मुलीशेजारी उभे राहावे लागते, आणि शिक्षिका म्हणून तर ती स्वतःही पहिल्याच टप्प्यावर असते.

त्या रात्री जेवणानंतर तिने माझाच दंड बांधला आणि स्वतःच्या बोटांना प्रश्न विचारीत बसली. तासाभराने कागदावर उतरले ते असे. पट्टा बांधल्यावर मूठ उघड-मीट करायला सांगायची. डोळ्यांनी शोधू नये, बोटाच्या टोकाने शोधावे. दाबून सोडल्यावर स्पंजासारखे परत वर येते ती शीर. दोरीसारखे कडक लागले तर तो स्नायूचा बंध. ठोका लागला तर धमनी, तिथे सुई नाही. म्हाताऱ्या माणसाची शीर सुईखालून सरकते, म्हणून खालच्या अंगाने कातडी ताणून धरायची. हे सगळे तिच्या बोटांत पंधरा वर्षे होते. शब्दांत पहिल्यांदाच आले. मला विचाराल तर परिचारिकेची शिक्षिका त्या तासाभरात झाली. पदवी नंतर आली.

इथे आमच्या शिक्षणशास्त्राची थोडी उणी बाजू सांगावीशी वाटते. ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून उद्दिष्टांचे वर्गीकरण केले. बोधात्मक आणि भावात्मक क्षेत्रांचे ग्रंथ झाले, हातांच्या क्षेत्राचा त्यांच्याकडून राहिलाच. ती उणीव ज्यांनी भरून काढली त्यांत आपले आर. एच. दवे यांचे नाव येते. त्यांच्या पायऱ्या मी मराठीत अशा सांगतो : अनुकरण, हाताळणी, अचूकता, सुसूत्रता आणि शेवटी सहजता. आम्ही बी.एड.ला त्या पाठ केल्या आणि परीक्षेनंतर प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवून दिल्या. नर्सिंग शाळेत मात्र सारा संसार त्या पाच पायऱ्यांवर चालतो. बहीण मला दवेंबद्दल विचारू लागली तेव्हा मलाच माझे जुने टिपण शोधावे लागले.

वर्ग जमला. पण नर्सिंगच्या शिक्षिकेचा खरा वर्ग वॉर्डात असतो, आणि तिथे आमची मास्तरकी संपते. माझ्या विद्यार्थ्याने संधी चुकवला तर मी लाल शाई वापरतो. तिच्या विद्यार्थिनीच्या हाताखाली माणूस असतो. त्याला ठसका लागतो, तो घाबरतो, त्याचे नातेवाईक उशाशी उभे असतात.

पोटात अन्न जाण्यासाठी नाकातून नळी घालायची असते त्याची गोष्ट ती सांगते. आधी नळी मापायची : नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला गिळायला सांगत सांगत नळी पुढे सारायची. ठसका अनावर झाला, ओठ काळेनिळे पडू लागले, तर नळी श्वासनलिकेकडे गेली असे समजून तत्काळ मागे घ्यायची. आणि नळी पोटातच आहे याची खात्री पटल्याखेरीज एक थेंबही आत सोडायचा नाही. स्वतः करायला तिला फारसा वेळ लागत नाही. तिसऱ्या वर्षाची मुलगी करते तेव्हा मिनिटे संपता संपत नाहीत, आणि तेवढा वेळ हिने काय करायचे? "हात मागे बांधून उभी राहते अण्णा. पुढे असले की आपोआप जातात."

पण नजर बांधायची नाही. मुलीच्या हातांपेक्षा रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहायचे, हे तिने स्वतःशी ठरवले आहे. मुलीशी आधी बोलून ठेवलेले असते. "थांब, मी जरा बघते," एवढे वाक्य कानावर आले की काही न विचारता बाजूला व्हायचे. रुग्णासमोर एक शब्द रागाचा नाही; काय बोलायचे ते बाहेर व्हरांड्यात. आणि सुरुवातीलाच रुग्णाला सांगायचे, की ही विद्यार्थिनी आहे, मी तिची शिक्षिका शेजारीच आहे, तुम्ही नको म्हणालात तर मी करीन. कोणी नको म्हणते का, असे मी विचारले. "म्हणतात की. मग मी करते, आणि ती बघते. तोही पाठच."

शिकवणारी आणि शुश्रूषा करणारी एकच असावी की वेगळी, हा प्रश्न जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली तेव्हा व्याख्याने डॉक्टर देत आणि काम वॉर्डातल्या सिस्टर शिकवीत. त्या सिस्टरांना कामातून सवड नसे, म्हणून पुढच्या दशकात मुलींचा अभ्यास पाहायला निराळी सिस्टर नेमावी लागली. परिचारिकांना शिक्षिका आणि अधीक्षिका बनवण्याचा अभ्यासक्रम न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात १८९९ साली निघाला. तिथल्याच अॅडलेड नटिंग १९०७ मध्ये परिचर्येच्या जगातल्या पहिल्या प्राध्यापक झाल्या. आपल्याकडे दिल्लीत १९४३ साली स्कूल ऑफ नर्सिंग अॅडमिनिस्ट्रेशन सुरू झाले, १९४६ मध्ये त्याचे पदवी देणारे कॉलेज झाले. आज ते राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात देशाला ४३,००० माणसांमागे एक परिचारिका असा हिशेब होता. परिचारिका हव्या होत्या, पण त्यांना शिकवणार कोण?

हा प्रश्न आता निराळ्या वेषात उभा आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कर्नाटकात खाजगी नर्सिंग संस्थांचे पीक आले. इमारती झाल्या, पाट्या लागल्या. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा असा नियम आहे, आणि तो पाळणाऱ्या संस्था आहेत. तपासणीच्या दिवशीच दिसणारे शिक्षकही आहेत. बहिणीला एका संस्थेने असेच विचारले होते, नाव कागदावर राहू दे, वर्षातून दोनदा या. तिने नकार दिला. वॉर्डातल्या नोकरीपेक्षा कमी पगारावर ती शिकवायला आली होती. निदान शिकवायचे तरी, असे तिचे म्हणणे.

दुसरी अडचण माझ्या मते याहून खोल आहे. पदवी, मग कसाबसा अनुभवाचा काळ, मग एम.एस्सी., मग थेट वर्ग, अशा वाटेने येणाऱ्या शिक्षिका हुशार असतात, त्यांचे तक्ते देखणे असतात. पण वॉर्डात गेल्यावर जुन्या सिस्टर त्यांना जुमानत नाहीत. उलट जुन्या सिस्टरांना मुली अंगावर पडलेले ओझे वाटतात. मधल्या मध्ये मुली वर्गात एक पद्धत शिकतात आणि वॉर्डात दुसरी. २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या परिषद कायद्याच्या जागी परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा नवा कायदा केला. त्यातून ही फट बुजेल की नवे अर्ज तेवढे वाढतील, ते काळ ठरवील. मला विचारले तर मी म्हणेन, नर्सिंगच्या प्रत्येक शिक्षिकेने वर्षाकाठी महिनाभर तरी वॉर्डात ड्यूटी करावी. मी अजून आठवड्याला सहा तास मराठी शिकवतो, ते याच कारणाने.

भाषेचे दुखणे तर आपल्या सीमाभागाचे खास. वर्ग इंग्रजीत, वही इंग्रजीत, रुग्ण मात्र मराठी नाहीतर कानडी. केरळातून आलेली मुलगी तर तिन्हींच्या मध्ये उभी. मुली वहीत 'पेन' लिहून मोकळ्या होतात. पण खेड्यातली मामी कधी कळ येते म्हणते, कधी ठणका लागलाय म्हणते, कधी चमक, कधी आग, कधी नुसतेच "जीव कासावीस होतोय" म्हणते; आणि यातले शेवटचे छातीशी संबंधित असू शकते, त्याला डॉक्टरला हाक मारावी लागते. कानडीत पुस्तकातला 'नोवु' शिकून आलेल्या मुलीला इथली म्हातारी 'ब्यानी' म्हणते तेव्हा काही उमगत नाही. अभ्यासक्रमात याला तास नाही. म्हणून बहिणीने एक वही घातली आहे, तीन रकान्यांची : मराठी, कानडी, इंग्रजी. वॉर्डातून परतताना प्रत्येक मुलीने त्या दिवशी ऐकलेला एक शब्द त्यात लिहायचा, रुग्णाने उच्चारला तसाच, आणि तो बोलताना त्याने हात कुठे ठेवला होता तेही. 'कासावीस'समोरचा इंग्रजी रकाना दोन बॅचेस झाल्या तरी रिकामा आहे. मुली चर्चा करतात, दोन-तीन शब्द लिहितात आणि खोडतात. सध्या तिसरी वही चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे येणार आहे. रुग्णाचे शब्द सुधारायचे नाहीत, अशी ताकीद मला आधीच मिळाली आहे.